दिवाळीचा सिनेमा: अंगणात पडदा की घरात टीव्ही?

सुट्टीत आवडते सिनेमे पुन्हा पाहायचे आहेत आणि घरातल्या पोराला शॉर्टफिल्मचं वेड आहे. प्रोजेक्टर भाड्यानं आणावा, की 32 इंची टीव्ही पुरे?

खर्च आणि खटाटोप दोन्ही प्रोजेक्टरला जास्त. खोक्यावरचे हजारो ल्युमेन्स (उजेडाचं माप) विसरा, आन्सी ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीनं मोजलेला उजेड, विचारा. 100 इंची चित्राला सव्वासात बाय चार फूट चादर लागते. ती चारही बाजूंनी ताणा, मागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे राहतो, तार जोडा. धानाच्या पट्ट्यात तर तुडतुडेही फुकटात सिनेमाला येतात!

टीव्हीला हा कुटाणा नाही, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालतो. फक्त फॅट32 या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. शिकायला मात्र रिमोटच गुरू. एकच प्रसंग तीनदा पाहायचा: आधी आवाज बंद करून कट, म्हणजे शॉट किती वेळा बदलतो ते, मोजायचे, मग पाठ फिरवून नुसतं ऐकायचं, शेवटी कॅमेरा कुठे ठेवलाय ते वहीत काढायचं.

अख्खा मोहल्ला जमणार असेल, किंवा पोराची स्वतःची फिल्म तयार असेल, तर पडदाच बांधा. लोक कुठं हसतात, कुठं उठून खर्रा घोटायला जातात, ते तिथंच दिसतं. फिल्म अजून डोक्यातच असेल, तर टीव्ही.