आरएक्स-१३५ च्या इंजिनाची गिअरवाली कार्ट: पूर्ण सीझन पळवल्यानंतरचा अनुभव (आणि दोन रॉड एंडबद्दल बरंच काही)

माझ्या गो-कार्टचा तिसरा गिअर चालवताना आपोआप सुटायला लागला म्हणून हे लिहायला घेतलं. चासी, इंजिन, ब्रेक सगळ्याबद्दल लिहितो, पण निम्मा मजकूर गिअरच्या दांड्याच्या टोकांना बसणाऱ्या दोन रॉड एंडबद्दल, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या बॉलच्या सांध्यांबद्दल असणार. घरी गिअरवाली कार्ट उभी करणारे लोक इंजिनावर हजारो रुपये घालतात आणि या दोन तुकड्यांकडे बघतही नाहीत, म्हणून.

सेटअप थोडक्यात. जुनी इटालियन चासी, मुळात बिनगिअरच्या इंजिनासाठी बनलेली, ५० मिमीचा ॲक्सल. त्यावर यामाहाच्या पाच गिअरच्या आरएक्स-१३५ बाइकचं इंजिन. जागा कोल्हापूर, त्यामुळे पळवायला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आणि काम करायला कारखान्या-लेथवाल्यांचं उद्यमनगर, दोन्ही हाताशी. गिअरलिंकेज तेवढं ऑनलाइन किट म्हणून घेतलं: स्टिअरिंगच्या उजवीकडचा लिव्हर, ब्रॅकेट, लांब दांडा, दोन रॉड एंड आणि गिअर शाफ्टवर बसणारा छोटा आर्म.

खरी केझेड (शर्यतीसाठीच बनवलेली गिअरवाली कार्ट) का नाही, असं बरेच जण विचारतात. केझेडचं १२५ सीसीचं इंजिन पाण्यानं थंड होतं, सहा गिअर असतात, ताकद ४० अश्वशक्तीच्या वर. पण त्याचा पिस्टन तास मोजून बदलावा लागतो आणि प्रत्येक सुटा भाग बाहेरून मागवायचा. आरएक्सची ताकद त्याच्या जवळपासही नाही. तरीही ५८ बाय ५० चा तो साधा १३२ सीसीचा सिलिंडर, आणि त्याची पॅकिंग, सील, क्लच प्लेटा अजून दुकानात मिळतात. माझ्यासारख्या पगारातून छंद भागवणाऱ्याला हे पुरेसं कारण आहे.

इंजिन पूर्ण खोलूनच बसवलं. क्रँक प्रेसवर खोलून नवीन कनेक्टिंग रॉड किट टाकलं, मग सेंटरवर धरून डायल गेजनं सरळ करून घेतला. बोअर मारून पन्नासचा, म्हणजे अर्धा मिमी ओव्हरसाइज पिस्टन. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील नवीनच हवेत, यात चालढकल नको. क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात, ते निदान दिसतात तरी. मॅग्नेटकडचं गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आणि पिस्टन जाम होईपर्यंत पत्ता लागत नाही. ऑइल पंप काढून टाकला, पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिली टू-टी मिसळतो. प्लग चॉकलेटी येतो, म्हणजे कार्ब्युरेटरचा जेट बरोबर बसलाय.

हवेवर थंड होणारं इंजिन ट्रॅकवर तापेल अशी मला खात्रीच होती. तसं अजिबात झालं नाही. सीटच्या उजव्या बाजूला सिलिंडर सरळ वाऱ्यात येतो, आणि कोल्हापूरच्या एप्रिलच्या उन्हातही सलग फेऱ्यांमध्ये ताकद पडलेली जाणवली नाही. फिनवर पंखा लावायचा बेत मी सोडून दिला.

स्प्रॉकेटचं गणित सोपं आहे. बाइकचं मागचं चाक टायरसकट साधारण २४ इंची, कार्टचं ११ इंची. म्हणजे तोच वेग हवा असेल तर मागचं स्प्रॉकेट बाइकच्या निम्म्याहूनही लहान लागतं. ट्रॅकवर सरळ पट्टा किती लांब आहे ते बघून दात वाढवायचे. चेन ४२८, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे केझेडलाही हीच साइज लागते, त्यामुळे कार्टचं स्प्रॉकेट आणि आरएक्सची चेन विनातक्रार जुळतात.

आता लिंकेज.

सुरुवातीचे काही महिने मी या किटची तारीफच करत होतो. लिव्हरचं ॲल्युमिनियम हलकं, ब्रॅकेटचं वेल्डिंग नीटस. वरचा गिअर ओढून पडावा असा आर्म लावला. ओढताना दांडा सरळ राहतो, ढकलताना मध्ये वाकतो, आणि शर्यतीत घाईत पडतात ते वरचेच गिअर. क्लच फक्त जागेवरून निघताना. वर जाताना ॲक्सिलरेटर जरा सोडायचा आणि ओढायचं. पहिल्यांदा दुसऱ्यातून तिसऱ्यात खट्कन गेला तेव्हा हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडलो होतो. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो.

मत बदललं ते तिसऱ्या गिअरमुळे. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की गिअर सुटायचा, इंजिन नुसतंच किंचाळायचं. आधी शंका क्लच केबलवर, मग गिअर ऑइलवर. शेवटी कार्ट स्टँडवर घेतली, गिअर शाफ्टचा आर्म पक्क्या पान्यानं धरून ठेवला आणि लिव्हर हलवला. आर्म जागचा हलत नव्हता आणि लिव्हरची मूठ मात्र बोटभर पुढे-मागे जात होती. दोन्ही रॉड एंडमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा. बॉल त्याच्या वाटीत डोळ्यांना दिसेल इतका हलत होता. गंमत अशी की तोच बॉल तिरका फिरवायला गेलं की अडकत होता. ओढायच्या दिशेनं ढिला, वळायच्या दिशेनं घट्ट: नेमकं उलटं.

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. बाइकवर पायाचा लिव्हर थेट शाफ्टच्या दातांवर बसतो, मधे काही नसतं. कार्टमध्ये मधे जवळपास मीटरभर दांडा आणि दोन सांधे येतात. प्लेमुळे हाताची अर्धी हालचाल वाया जाते आणि शाफ्ट पूर्ण फिरत नाही. गिअरचे डॉग (दोन गिअर एकमेकांत अडकवणारे बाजूचे दात) एकमेकांत निम्मेच शिरतात, जोर आला की त्यांच्या कडा गोल होत जातात, आणि कडा गोल झाल्या की गिअर सुटतोच. दुसरं म्हणजे शाफ्टचा रिटर्न स्प्रिंग पायाच्या हलक्या लिव्हरपुरता बनवलेला. त्याला आता सगळा दांडा मागे आणायचाय. अडकणारा बॉल त्याला मधल्या जागी येऊच देत नाही, मग पुढच्या गिअरला आतला पंजा ड्रमला (गिअर बदलणाऱ्या दंडगोलाला) पकडतच नाही. शिवाय चासी वळणात पिळते, ती पिळलीच पाहिजे, कारण मागचा ॲक्सल अखंड असतो आणि आतलं चाक उचललं गेलं तरच कार्ट वळते. त्या पिळात सांधा सुटा फिरला नाही तर ताण थेट गिअर शाफ्टवर.

किटवाल्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, “सर, रेसिंगच्या पार्टला वॉरंटी नसते.” रॉड एंड ही काय रेसिंगमध्ये झिजवायची टायर आहे का? बरेच दिवस मेसेज चालले. मी डायल गेज लावून प्ले मोजून दाखवला, त्यानं माझा वापर रफ आहे म्हणून सांगितलं. शेवटी बदली तुकडे आले. रंग वेगळा, बाकी माल तोच. पाकिटातून काढतानाच बॉल वाटीत खुळखुळत होता. याचा राग मला आजही आहे, कारण प्रश्न त्या तीनशे रुपयांचा नव्हता. त्या तीनशेच्या भागानं काही हजारांचा गिअरबॉक्स खाल्ला होता.

मार्ग उद्यमनगरात निघाला. बेअरिंगच्या दुकानातल्या काकांसमोर जुना तुकडा ठेवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून कानाशी हलवला आणि म्हणाले, “भावा, हे शोकेसमध्ये ठेवायचं. टेफ्लॉन लायनरवालं घे, आणि एक डाव्या आट्याचं घे.” एम ८, एक उजव्या आट्याचं, एक डाव्या. दोन्ही मिळून किटमधल्या जोडीच्या जवळजवळ पाचपट पैसे गेले. मी पैसे मोजताना दोनदा विचार करणारा माणूस आहे, पण हे देताना एकदाही वाटलं नाही की जास्त झाले. डाव्या-उजव्या आट्यांमुळे दांडा नुसता फिरवला की लांबी कमी-जास्त होते, मग दोन्हीकडे चेकनट आवळायचा. लिव्हर नेमका मध्यावर आणण्यासाठी काही सुटं करावं लागत नाही. भरीव दांड्याच्या जागी उद्यमनगरातच एका लेथवर पोकळ नळी आटे पाडून घेतली. वजन घटलं आणि ढकलताना वाकणंही थांबलं.

इतकं लिहून झाल्यावर मी पुन्हा ट्रॅकवर गेलो, म्हणून इथून पुढचं मत थोडं वेगळं आहे. नवीन सांध्यांनी बाकीचे गिअर लोण्यासारखे पडायला लागले, पण तिसरा मधूनमधून सुटतच होता. झालेलं नुकसान सांधे बदलून भरून येत नाही. पावसाळा लागलाच होता, इंजिन उतरवलं. केस उघडून तिसरा गिअर उजेडात धरला तर डॉगच्या कडा साबणाच्या जुन्या वडीसारख्या गुळगुळीत, आणि शिफ्टर फोर्कचं (गिअर सरकवणाऱ्या काट्याचं) एक टोक घासून निळं पडलेलं. गिअरची जोडी आणि फोर्क बदलला. डॉग एकमेकांना भिडतात तो समोरचा गिअरही तपासा. एकच बाजू बदलली तर नवीन कडा लगेच जाते. केस परत जोडताना जुनं पॅकिंग वापरू नका, ते शंभर-दीडशेत मिळतं. आणि गाडी चालवताना हात लिव्हरवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, फोर्क त्यानंही घासतो.

त्यानंतर तिसरा गिअर एकदाही सुटलेला नाही.

बाकीचं पटकन. ब्रेक फक्त मागे आहेत. या ताकदीला चालतात, पण केझेडसारखे पुढचे ब्रेक असते तर वळणाच्या बरंच आत जाऊन दाबता आले असते, ते पुढच्या वर्षी. टायरमध्ये थंड असताना १० ते १२ पीएसआय ठेवतो. गिअर शाफ्ट आणि चेन दोन्ही सीट आणि इंजिनाच्या मधल्या अरुंद फटीत येतात, त्यामुळे चेनगार्ड जाड पत्र्याचाच करा आणि आर्म चेनला कुठल्याही गिअरमध्ये घासत नाही ना ते हातानं चाक फिरवून बघा. क्लचचं झाकण मात्र बाहेरच्या बाजूला येतं, क्लच प्लेटा इंजिन न उतरवता बदलता येतात, हे फार सोयीचं आहे.

किट घ्यायचं का? लिव्हर, ब्रॅकेट आणि आर्मसाठी घ्या, ते भाग चांगलेच आहेत आणि घरी बनवायला वेळ जातो. ऑर्डर देतानाच रॉड एंड आणि दांडा नको म्हणून सांगा आणि तेवढे पैसे कमी करून घ्या. कमी करत नसेल तर ब्रॅकेटचं माप माझ्याकडे आहे, कुठल्याही लेथवाल्याकडून काम होईल.