कंपनीचा राउटर ठेवावा की स्वतःचा घ्यावा?

परळच्या आमच्या घरी आधी दोन वर्षं फायबर कंपनीने दिलेला राउटर होता, आता दीड वर्ष मी विकत घेतलेला आहे. दोन खोल्यांच्या घरात वेगाचा फारसा फरक पडत नाही. सुरक्षिततेचा पडतो.

कंपनीच्या राउटरची सोय मोठी आहे. बिघडला की माणूस येऊन बदलून देतो आणि फर्मवेअरचं (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट कंपनी लांबूनच करते. मात्र लांबून देखभाल करायची हीच वाट धोक्याचीही ठरू शकते. नोव्हेंबर २०१६ मध्ये या वाटेवर हल्ला झाला तेव्हा जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले होते.

तरीही माझा निर्णय झाला तो डब्ल्यूपीएसमुळे, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन वायफायला जोडायच्या सोयीमुळे. त्याचा पिन आठ आकडी असतो, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झालं. आमच्या मजल्यावर फोन उघडला की वीसेक वायफाय दिसतात, म्हणून मी डब्ल्यूपीएस बंद केलं होतं. पुढे नेट गेलं, तक्रार केली, त्यांनी तिकडूनच रीसेट मारला. नेट आलं, पण पासवर्ड पुन्हा स्टिकरवरचा आणि डब्ल्यूपीएसचा हिरवा दिवा चालू! असं तीनदा झालं. आपण लावलेली कडी दुसऱ्याने न सांगता काढावी, हे मला सहन होईना.

आता कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे तो फक्त नेट पुढे माझ्या राउटरला देतो. उद्या तो रीसेट झाला तरी घरातले फोन-लॅपटॉप माझ्या राउटरच्या मागेच राहतात. अपडेट रात्री तीनला आपोआप होतं, टीव्ही आणि कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे वेगळ्या वायफायवर टाकलेत.

अर्थात, स्वतःचा म्हणजे सुरक्षितच असंही नाही. लॅमिंग्टन रोडला दुकानदाराने एक मॉडेल बऱ्याच कमी किमतीत पुढे केलं. तिथेच उभ्याउभ्या फोनवर त्याचं सपोर्टचं पान उघडलं, तर शेवटचं फर्मवेअर तीन वर्षांपूर्वीचं. तो खोका परत ठेवला आणि थोडे जास्त पैसे मोजून डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) असलेला, अपडेट चालू असलेला घेतला. माझ्या मते खर्च करायचा तो इथेच.

गिरगावात आईकडे मात्र कंपनीचाच ठेवलाय; फोन करून माणूस बोलावणं तिला सोपं पडतं. तिची तक्रार मिटली की रविवारी जाऊन मी आधी तो हिरवा दिवा बघतो, मग चहा घेतो.