पानगळीच्या प्रवासातला पोलरायझर

पानगळीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून चार दिवस मोटारीने हिंडायचे ठरले, तेव्हा कॅमेऱ्यासाठी मी पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवून फिरवायची, चकाकी कमी करणारी काच, विकत घेतला. निळे आकाश अधिक गडद यावे एवढीच माझी अपेक्षा होती, आणि नेमकी तीच पुरती फळाला आली नाही. या फिल्टरचा परिणाम सूर्यापासून सुमारे 90 अंशांवर असलेल्या आकाशात सर्वाधिक होतो. त्यामुळे वाइड अँगल लेन्सने टिपलेल्या दृश्यात आकाशाचा एक पट्टा काळपट निळा आणि शेजारचा भाग फिकट दिसतो. हा दोष अर्थात फिल्टरच्या काचेचा नाही.

पानांच्या बाबतीत मात्र त्याने पैसे वसूल करून दिले. दिवस लहान होऊन थंडी वाढू लागली की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते, आधीपासून दडलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात आणि काही झाडांत तांबडे अँथोसायनिन नव्याने तयार होते. परंतु पानाच्या मेणचट पृष्ठभागावर उजेडाची चकाकी दुधावरच्या सायीसारखी पसरलेली असल्याने हे रंग छायाचित्रात फिकटच उतरतात. फिल्टरची कडी सावकाश फिरवत नेली की एका ठिकाणी ती साय निघून जाते आणि खालचा रंग वर येतो. पावसाने भिजलेल्या, ढगाळ सकाळी हा फरक सर्वांत ठळक जाणवला, म्हणजे ज्या हवेत मी एरवी कॅमेरा बाहेरही काढला नसता! तळ्याकाठी मात्र कडी जपून फिरवावी, कारण चकाकीबरोबर पाण्यातले रंगीत प्रतिबिंबही नाहीसे होते.

फिल्टरमुळे एक ते दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). संध्याकाळी झाडांच्या कमानीखाली 1/125 सेकंदाचा शटरवेग 1/30 वर आला आणि वाऱ्याने हलणारी पाने पुसट झाली. धावत्या गाडीतून छायाचित्रे काढू पाहणाऱ्यांनी तर फिल्टर काढूनच ठेवावा, कारण दाराच्या टफन्ड (मुद्दाम मजबूत केलेल्या) काचेतील ताणामुळे चित्रात ठिपक्यांची जाळी उमटते. लेन्सवर हूड (बाजूचा उजेड अडवणारे झाकण) असताना कडीपर्यंत बोट पोहोचत नाही, हीही एक अडचणच आहे. एका गारठलेल्या पहाटे फिल्टर आट्यांत असा घट्ट बसला की रबरी हातमोजा घालून तो सोडवावा लागला. तेव्हापासून तो हलक्या हाताने बसवतो आणि मोजा कॅमेऱ्याच्या पिशवीतच असतो.