जमीन, उथळ समुद्र की खोल पाणी? पवनचक्की कुठे उभारायची ते ठरवताना

पवनऊर्जेचा विषय निघाला की पहिला प्रश्न आकाराचाच येतो. पातं किती लांब, मनोरा किती उंच, एका यंत्रातून किती मेगावॅट. आकडे थक्क करणारे आहेतच. १९९१ मध्ये डेन्मार्कमधल्या विंडेबीजवळ जगातला पहिला सागरी पवनप्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथल्या ११ चक्क्या प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या होत्या. आज डेन्मार्कच्याच व्हेस्टास कंपनीची एकच ‘व्ही २३६’ चक्की १५ मेगावॅटची आहे. विंडेबीसारखे तीन प्रकल्प एका मनोऱ्यावर बसले म्हणा ना! तरीही ज्यांना खरोखर निर्णय घ्यायचा आहे, म्हणजे वीज नियोजन करणारे, पैसे गुंतवणारे किंवा किनाऱ्यावरचे लोकप्रतिनिधी, त्यांनी आकाराचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी पाण्याची खोली पाहावी. जमीन, उथळ समुद्र आणि खोल समुद्र या तिन्ही ठिकाणी यंत्र दिसायला सारखंच असतं, पण त्यामागचा खर्च, धोका आणि तयारी पूर्ण वेगळी असते.

खर्चात जमिनीला तोड नाही. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या (आयरीना) हिशेबानुसार २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पांत जमिनीवरच्या पवनविजेचा सरासरी खर्च युनिटमागे ३.३ अमेरिकी सेंट होता, मोठ्या सौरप्रकल्पांचा ४.४ आणि समुद्रातल्या पवनविजेचा ७.५. म्हणजे समुद्रातली वीज दुपटीहून महाग. दुरुस्तीही जमिनीवर सोपी. तंत्रज्ञ गाडीने मनोऱ्यापाशी पोहोचतो, लाट ओसरायची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्याकडे चांगला वारा असलेली मोकळी जमीन आहे आणि आसपासच्या लोकांची संमती आहे, त्यांनी समुद्राकडे वळण्याआधी ती जमीन वापरावी. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

मग दुप्पट पैसे कशासाठी मोजायचे? वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. समुद्रावर डोंगर, झाडं, इमारतींचा अडथळा नसतो, त्यामुळे वारा जोरकस असतो आणि टिकूनही राहतो. चक्की वर्षभर पूर्ण क्षमतेने फिरली असती तर जेवढी वीज मिळाली असती, त्यातली जमिनीवर साधारण २५ ते ४० टक्के हाती येते. समुद्रात चांगल्या जागी ती ४० ते ५० टक्क्यांवर जाते. ग्रिड सांभाळणाऱ्याला या सातत्याचं मोल फार असतं, कारण सूर्य मावळल्यावरही हा वारा चालूच असतो. शिवाय अनेक मोठी शहरं किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्या आसपास शेकडो चक्क्यांना पुरेल एवढी जमीन उरलेली नाही.

समुद्रातली यंत्रं अवाढव्य का झाली, याचंही उत्तर खर्चातच आहे. समुद्रात प्रत्येक पाया, प्रत्येक केबलजोड, जहाजाची प्रत्येक फेरी महाग पडते. म्हणून मोजक्याच ठिकाणी मोठी यंत्रं बसवणं परवडतं. पातं लांब केलं की त्याने घेरलेलं क्षेत्र लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. जमिनीवर हा मार्ग लवकर बंद होतो, कारण शंभर मीटरचं पातं घाटातल्या वळणावरून नेणार कसं?

उथळ पाण्यातलं, म्हणजे साधारण ६० मीटर खोलीपर्यंतचं तंत्र आता पक्कं झालं आहे. पोलादाची प्रचंड नळी समुद्रतळात ठोकायची आणि तिच्यावर मनोरा चढवायचा. पाणी जरा जास्त खोल असेल तर नळीऐवजी पोलादी सांगाडा. इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून ८९ किलोमीटरवरचा हॉर्नसी-२ प्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण झाला. तिथे १६५ चक्क्या आहेत आणि एकूण क्षमता १.३ गिगावॅटहून जास्त. पाया ठोकताना होणारा आवाज पाण्यात दूरवर पोहोचतो आणि पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा जलचर) यांसारख्या सस्तन प्राण्यांना त्रास देतो. त्यासाठी भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. हा खर्च कोणी ‘ऐच्छिक’ म्हणून वगळू पाहत असेल तर मान्य करू नये.

खोल पाण्याचं गणित निराळं आहे. तिथे तळाला पाया नेणं परवडत नाही, म्हणून चक्की तरंगत्या आधारावर उभी करतात आणि साखळ्या व नांगरांनी जागेवर धरून ठेवतात. ऐकताना हे अशक्य वाटतं, पण स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ ‘हायविंड’ प्रकल्पाच्या ६ मेगावॅटच्या पाच चक्क्या २०१७ पासून उभ्या आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी क्षमतेच्या सरासरी ५४ टक्के वीज दिली. नॉर्वेचा ‘हायविंड टॅम्पेन’ तर २६० ते ३०० मीटर खोल पाण्यात आहे. किनारा सोडताच समुद्र एकदम खोल होतो अशा जपान किंवा कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी दुसरा मार्ग जवळपास नाहीच. मला या तंत्राबद्दल मनापासून आशा वाटते. पण जगभरात मिळून तरंगती क्षमता अजून काहीशे मेगावॅटच आहे, त्यामुळे स्वस्ताईची आश्वासनं सिद्ध व्हायची आहेत. २०२४ मध्ये हायविंडच्या पाचही चक्क्या मोठ्या दुरुस्तीसाठी समुद्र ओलांडून नॉर्वेला ओढत न्याव्या लागल्या. दुरुस्ती चालली ते महिने वीज शून्य. ताळेबंदात असे महिने आधीच धरले पाहिजेत.

आता आकार. १३ ते १५ मेगावॅट की त्याहून मोठं? चीनमध्ये २० मेगावॅटची यंत्रं उभी राहिली आहेत आणि शर्यत थांबलेली नाही. मी मात्र समुद्रात काही वर्षं फिरून दाखवलेलं यंत्रच निवडेन. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइनयार्ड विंड प्रकल्पात १०७ मीटरचं एक पातं मोडलं आणि त्याचे तुकडे जवळच्या नॅनटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले. पात्याचे थर नीट चिकटले नव्हते, हा कारखान्यातला दोष होता. दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल आणलं की असे दोष सापडायला वेळच मिळत नाही. शिवाय ८ मेगावॅटसाठी बांधलेलं जहाज १५ मेगावॅटचं यंत्र उचलू शकत नाही, म्हणजे प्रत्येक उडीबरोबर जहाजं आणि बंदरातले धक्केही जुने ठरतात. एकच यंत्र शंभर वेळा नीट बनवण्यात अधिक शहाणपण आहे.

पैशाचा मुद्दा तिन्ही ठिकाणी लागू होतो, पण समुद्रात तो जास्त जाचतो. वारा फुकट असल्यामुळे जवळपास सगळा खर्च आधीच करावा लागतो, आणि व्याजदर वाढले की हिशेब कोसळतो. २०२३ मध्ये स्वीडनच्या व्हॅटेनफॉल या वीजकंपनीने खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगून ब्रिटनमधला नॉरफोक बोरियास प्रकल्प थांबवला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीने अमेरिकेतल्या न्यू जर्सीजवळचे दोन प्रकल्प सोडले. विजेचा भाव आज ठरवायचा आणि पोलाद चार वर्षांनी घ्यायचं, असा करार असेल तर महागाईशी जोडलेलं कलम त्यात हवंच. सर्वात कमी बोली लावणारा अर्ध्यावर निघून गेला तर स्वस्त वीज कागदावरच राहते.

खोल पाण्याचा पर्याय निवडत असाल तर पहिली भेट यंत्र बनवणाऱ्याकडे नको, बंदराकडे द्या. हायविंडचा आधार बाटलीसारखा उभा आणि पाण्यात खूप खोल जाणारा आहे, त्यामुळे त्या चक्क्या नॉर्वेतल्या स्टोर्डच्या खोल, शांत खाडीत जोडून मग स्कॉटलंडला आणल्या. पोर्तुगालच्या ‘विंडफ्लोट अटलांटिक’ या तरंगत्या प्रकल्पाचे आधार तीन खांबांचे आणि कमी खोलीवर तरंगणारे, म्हणून त्यांची जुळणी स्पेनमधल्या फेरोल बंदराच्या धक्क्यालाच झाली आणि तिथून ते ओढून नेले. तुमच्या धक्क्यालगत पाणी किती खोल आहे, हे कळलं की कुठला आधार शक्य आहे ते बरंचसं ठरून जातं.