आज रात्रीची झोप, की पुढच्या वर्षभराची?

सोलापुरात विजापूर रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये माझी झोपायची खोली आणि शेजाऱ्याचा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही चार इंची. रात्री पावणेदहाला खाली बुलेट थांबते, जिन्यात चपला वाजतात, मग वीसेक मिनिटं शांतता. तेवढ्यात त्याचं जेवण उरकतं. आणि मग भिंतीतून धप्, धप्, धप्. गाणं कुठलं ते कळत नाही, गातंय कोण तेही नाही, नुसता ठोका येतो. पलंगाच्या पाटीला हात लावला तर तो हाताला लागतो. तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र किणकिणत राहतं.

असं मी जवळजवळ वर्षभर काढलं. त्यात दोन उपाय स्वतः करून पाहिले, तिसरा एका मित्राने केला तो जवळून बघितला, आणि बाकीच्यांची चौकशी करून ठेवली. तुमच्याकडे हेच चाललं असेल आणि कुठून सुरुवात करावी ठरत नसेल, तर आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. तुम्हाला आज रात्री झोपायचंय, की पुढचं वर्षभर? आणि त्या माणसाचं तोंड तुम्हाला उद्या बघावं लागणार आहे का? सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं. ज्याची आणि तुमची मोटर एकाच हौदावर आहे, त्याच्याशी अबोला धरणं फार महागात पडतं.

११२ लावणं

मी सुरुवात इथून केली, आणि माझ्या बाबतीत तो क्रम चुकला. फोन लगेच लागला, पत्ता विचारला, पाऊण तासात गाडीवरून दोन पोलीस आले. वर येऊन दार वाजवलं, "दहा वाजून गेलेत, बंद करा" एवढंच म्हणाले आणि गेले. मी साडेबारापासून सकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो. त्या एका रात्रीपुरता याहून चांगला उपाय नाही. पैसे लागत नाहीत, कागद लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. "काय ओ काका, एवढ्यासाठी पोलीस?" मी म्हणालो, मी नाही बोलावले. तो हसला. मजल्यावर दोनच घरं, त्यातलं एक त्याचं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मधल्या निकालात सांगितलंय की आवाजाच्या तक्रारीत पोलिसांनी तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नये आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नये. मंडपाच्या किंवा भोंग्याच्या तक्रारीत याचा मोठा आधार आहे. भिंतीला भिंत लागून असेल तिथे नाव गुप्त राहतं ते फक्त कागदावर. तिसऱ्या रात्री गाणी परत सुरू झाली, आवाज एक काटा वरच होता, आणि या वेळी त्याने दारही उघडं ठेवलं होतं.

तरीही ११२ च आधी लावावा अशा वेळा आहेत. कुणाच्या तरी गच्चीवर एका रात्रीचा बर्थडे चाललाय आणि ती माणसं उद्या दिसणारही नाहीत. समोरचे पिऊन बसलेत. तुम्ही घरात एकट्या आहात. किंवा आधी बोलायला गेलात तेव्हा अंगावर धावून आले. अशा वेळी समजूतदारपणा दाखवायला जाऊ नका, फोन लावा.

सणाच्या डॉल्बीचं गणित वेगळं आहे. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. अशा दिवशी अकराला फोन केलात तर "बारापर्यंत परवानगी आहे" हेच ऐकायला मिळेल. घरातल्या वूफरला, म्हणजे बासच्या स्पीकरला, मात्र ही सूट लागू नाही.

समोरासमोर बोलणं

सगळे म्हणतात आधी बोला. बरोबर आहे, पण कसं बोलायचं ते कुणी सांगत नाही. रात्री बारा वाजता बनियनवर जाऊन दार ठोठावणं म्हणजे बोलणं नव्हे. त्या वेळी तुमचा आवाज चढलेला असतो, त्याच्या घरी दोन मित्र बसलेले असतात, आणि मित्रांसमोर तो खाली येणार नाही.

आमच्यात मध्यस्थ झाली माझी आई. तिचं बालपण अशोक चौकाकडे पद्मशाली शेजारात गेलं, त्यामुळे मोडकंतोडकं तेलुगू येतं. रविवारी सकाळी ती शेंगाचटणीची वाटी घेऊन त्याच्या आईकडे गेली. "अक्का" म्हणून हाक मारली आणि अर्धा तास भलत्याच गोष्टी बोलत बसली. उठताना म्हणाली, रात्री याचा डोळा लागत नाही हो, पहाटे साडेपाचला एमआयडीसीत ड्युटी असते. पोरगा आतून ऐकत होता. संध्याकाळी तो आपणहून आला.

मग मी एक केलं ते तुम्हालाही सुचवतो. "आवाज कमी कर" असं मी म्हणालोच नाही. त्याला माझ्या पलंगावर बसवलं आणि त्याच्या धाकट्या भावाला तिकडे नेहमीच्याच आवाजात गाणं लावायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्याचा चेहरा उतरला. "मी तर कमीच ठेवतो ओ काका," म्हणाला, आणि ते खरंच होतं! त्याच्या हॉलमध्ये गाणं बेताचंच वाजत होतं, भिंतीपलीकडे मात्र मांडव घातल्यासारखं येत होतं.

कारण खर्जातल्या आवाजाची लहर लांब असते. वूफरचा ५० हर्ट्झचा ठोका घेतला तर त्याची एक लहर जवळजवळ सात मीटर भरते. असला आवाज पडद्याने अडत नाही, चार इंची भिंतीने फारसा अडत नाही. त्यात वूफर जमिनीवर आणि कोपऱ्यात ठेवलेला असला की दोन भिंती आणि फरशी मिळून तो आणखी फुगवतात, आणि डब्याची थरथर स्लॅबमधून शेजारच्या पलंगापर्यंत पोचते. त्याचा वूफर नेमका आमच्या सामाईक भिंतीच्या कोपऱ्यात, फरशीवर होता.

आम्ही दोघांनी तो उचलून समोरच्या बाहेरच्या भिंतीकडे नेला. खाली जुनी सोलापुरी चादर चारपदरी घडी करून घातली, नंतर त्याने जाड रबराचे तुकडे आणून बसवले. रिमोटवर बास शून्याच्याही खाली नेला. आवाजाचा काटा होता तिथेच ठेवला. माझ्या खोलीत आता गाणं ऐकू येतं, पण दुरून आल्यासारखं, आणि फुलपात्र गप्प असतं. चादरीने थोडंच काम केलं, मोठा फरक पडला तो जागा बदलल्याने आणि बास उतरवल्याने. पैसे लागले ते रबराचे, तेही त्याने दिले.

म्हणून मागणी मोजकी ठेवा. "त्रास देऊ नका" म्हटलं की भांडण सुरू होतं. "वूफर तिकडे ठेवाल का, आणि अकरानंतर हेडफोन लावाल का" याला नाही म्हणणं त्याला जड जातं. कायद्याने हद्द दहाची आहे, मी अकरा मान्य केलं. तो घरीच पावणेदहाला येतो.

या वाटेने वेळ लागतो, महिना तरी जाईल असं धरून चला. आणि समोरचा मुळात ऐकणारा हवा.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज

माझ्या मित्राच्या वाट्याला न ऐकणारे आले. साखर पेठेतलं जुनं घर, लागूनच्या घरात खोल्या भाड्याने दिलेल्या, तिथे पाच-सहा पोरं. दोनदा बोलून झालं, दोनदा ११२ झालं. मग त्याने अर्ज दिला.

फोनला तोंडी समज मिळते आणि विसरली जाते. अर्जावर आवक नंबर पडतो, आणि खरा फरक तिथेच आहे. दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच मिळत नसेल तर आयुक्तालयात द्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्जात रडगाणं नको, तारखा हव्यात. माझ्या मित्राने कॅलेंडरवरच लिहून ठेवलं होतं: कुठली रात्र, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, ११२ कधी लावला. पंधरवड्याचं ते पान त्याने अर्जाला जोडलं. वर आणखी तीन घरांच्या सह्या घेतल्या, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त वजन त्या सह्यांचं पडलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे, ती आजूबाजूच्या लोकांना होणाऱ्या त्रासाची. एकट्याच्या तक्रारीला "तुमचं आपसातलं आहे" म्हणून बाजूला सारता येतं, चार घरांच्या तक्रारीला तसं म्हणता येत नाही. कलम २९२ खालचा दंड हजार रुपयांपर्यंतच आहे, त्याने कुणी घाबरत नाही. लोक घाबरतात ते ठाण्यात बोलावणं येण्याला आणि चॅप्टर केसच्या, म्हणजे नीट वागण्याचा बाँड लिहून घेणाऱ्या कारवाईच्या, नावाला. पोरांना बोलावलं, समज दिली, लिहून घेतलं. दोन आठवड्यांत आवाज थांबला.

आता डेसिबलचं बघू, कारण अर्ज म्हटला की लोक आधी मोबाइलवर मीटर उतरवून घेतात. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री, म्हणजे १० ते ६, ४५ डेसिबलची मर्यादा आहे. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज तिच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण हे मोजमाप माणसाच्या कानाच्या बेताने केलेलं असतं, त्याला 'ए' भारांकन म्हणतात, आणि त्यात खर्जाचा आवाज मुद्दाम कमी धरला जातो. ५० हर्ट्झला तर जवळजवळ ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे ज्या ठोक्याने तुमची छाती धडधडते, तो मीटरवर फुसका दिसू शकतो. मी ॲपवर मोजलं होतं, आकडा बघून स्वतःचीच लाज वाटली. मोबाइलच्या माइकचा भरवसा नाही तो वेगळाच. सुदैवाने तक्रारीसाठी आकडा हवाच असं नाही. आवाज मर्यादेच्या १० डेसिबल किंवा जास्त वर गेला तर तक्रार करता येते, तशी रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तरीही करता येते. तेव्हा आकड्यापेक्षा घड्याळ दाखवा. खोलीतून व्हिडिओ घ्या, त्यात भिंतीवरचं घड्याळ आणि हलणारं फुलपात्र येऊ द्या.

तोंडी बोलणं आणि अर्ज यांत निवडायचं असेल तर माझं मत असं: जो माणूस एकदा तरी "सॉरी ओ" म्हणालाय त्याच्यासाठी अर्ज घाईचा आहे, आणि जो "आमच्या घरात आम्ही काहीही करू" म्हणालाय त्याच्याशी तिसऱ्यांदा बोलणं म्हणजे वेळ घालवणं.

मालक, सोसायटी, कोर्ट

शेजारी भाडेकरू असेल तर मालकाला गाठा. अकरा महिन्यांचा करार असतो, तो नूतनीकरणाला आला की मालकाच्या एका वाक्याला जी किंमत असते ती पोलिसांच्या समजेलाही नसते. माझ्या मित्राला हे उशिरा सुचलं, नाहीतर अर्जाचीही गरज पडली नसती.

सोसायटी नोंदणीकृत असेल तर सचिवांना लेखी द्या, ते पत्र काढतात. त्यापुढे समितीच्या हातात फारसं काही नसतं. मात्र ते पत्र पुढच्या अर्जाला जोडायला कामी येतं. शहराबाहेर, गावात राहत असाल तर तंटामुक्त समिती अजून जागी आहे का बघा.

कोर्टातून मनाई हुकूम मिळू शकतो. वकील, तारखा, पुरावा, आणि निकाल लागेपर्यंत रात्री त्याच. एखाद्याने हॉल किंवा हॉटेलच थाटलं असेल आणि रोजचाच धंदा असेल तर जरूर जा. घरातल्या गाण्यासाठी मी जाणार नाही. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो, तो स्वस्त पडतो.

कानात बोळे

फोमचे बोळे बडबड आणि टीव्ही छान अडवतात, ठोका तेवढा अडवत नाहीत. पलंग सामाईक भिंतीपासून हलवा, एवढं मात्र आजच करा, फुकट आहे. सोलापूरकराला एक सोय आयतीच मिळते ती कूलरची. एप्रिल-मेमध्ये तो रात्रभर घरघरतो आणि निम्मी गाणी गिळून टाकतो. शेजारी पावसाळ्यात जास्त वाजवतो असं मला वाटायचं. तो तेवढंच वाजवत होता, माझा कूलर बंद झालेला असायचा. तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल आणि करार संपत आला असेल तर खोली बदलणं हाही उपाय आहे, आणि त्यात हार वगैरे काही नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या बहिणीची हळद होती. दोन दिवस आधी दारात येऊन म्हणाला, "काका, शनिवारी खाली स्पीकर लागेल, बारापर्यंत." मी म्हणालो, दहा. तो म्हणाला, अकरा. शनिवारी सव्वादहाला त्याच्या आईने जेवायला हाक मारली तेव्हा स्पीकर चालू होता, आणि आम्ही पानावरून उठलो तेव्हा बंद होता. किती वाजले होते ते मी बघितलं नाही.