बाण न दाखवणारा गेम: 'मोरोविंड' काही महिने खेळल्यानंतर

'द एल्डर स्क्रोल्स ३: मोरोविंड' हा बेथेस्डा कंपनीचा २००२ सालचा, कल्पित जगात एक पात्र घेऊन खेळायचा संगणकावरचा गेम. मी तो पावसाळ्याच्या तोंडाशी घेतला, आता नाशकात द्राक्षांची तोड सुरू झालीय आणि माझा खेळ अजून संपलेला नाही. इतक्या जुन्या गेमवर नव्यानं काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण आज हा घेणारे बरेच जण पहिल्या एक-दोन रात्रींतच वैतागून काढून टाकतात. ते का वैतागतात आणि त्यापुढे काय मिळतं, एवढंच सांगायचंय.

पहिला वैताग मारामारीचा. सेडा नीन या दलदलीतल्या गावात जहाजातून उतरायचं, नाव-गाव नोंदवायचं आणि बाहेर पडायचं. किनाऱ्यावर एक खेकडा दिसतो. तलवार त्याच्या अंगातून आरपार गेलेली दिसते आणि त्याला काही होत नाही. रविवारी इंदिरानगरहून येणारा माझा भाचा शेजारी बसून बघत होता. "मावशी, लागतंय की! मरत का नाही तो?" कारण घाव लागला की नाही हे गेम पडद्यामागे फासे टाकून ठरवतो. त्या हत्याराचं तुमचं कौशल्य, चपळाई आणि थोडं नशीब यांची बेरीज होते आणि तिला दमाच्या हिशेबानं गुणलं जातं. दम पूर्ण असेल तर गुणक १.२५, पार संपला असेल तर ०.७५. पळालात की दम जातो. म्हणजे शत्रूवर धावत जाऊन वार करणं ही इथली सगळ्यात वाईट चाल. चालत जायचं, दम दाखवणारी हिरवी पट्टी भरलेली ठेवायची आणि सुरुवातीला ज्या हत्याराचं कौशल्य निवडलंय तेच हातात धरायचं. एवढं पाळलं की निम्मा त्रास जातो. उरलेला निम्मा जात नाही, आणि तो सहन करावा असं मीही म्हणणार नाही. सुरुवातीची लढाई कंटाळवाणीच आहे.

चालण्याचा वेगही तसाच, बैलगाडीनं मागून येऊन पुढे जावं इतका. त्यावरचा उपाय गेमनं स्वतःच ठेवलाय आणि तो खास या गेमच्या स्वभावाचा आहे. वाटेत एक बाई भेटते, सोबत करा म्हणते आणि बक्षीस म्हणून बूट देते. बूट घातले की वेग २०० नं वाढतो आणि डोळ्यांपुढे पूर्ण अंधार होतो. मग जादूला विरोध करणारा मंत्र आधी म्हणून बूट घातले तर अंधार कमी होतो, ही गोष्ट ज्याची त्यानं शोधायची. गेम सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही. कामगिरी मिळाली की माणूस तोंडी पत्ता सांगतो आणि तो वहीत उतरतो. जुन्या नाशकात रविवार कारंज्यापाशी पत्ता विचारला की 'सराफ बाजारातून खाली उतरा, नदी दिसली की कुणालाही विचारा' असं ऐकायला मिळतं, त्याच जातीचा हा कारभार. पहिल्याच मोठ्या कामगिरीत ड्वेमर या नामशेष जमातीच्या अर्कन्थांड नावाच्या अवशेषातून एक चौकोनी डबी आणायची असते. बाल्मोरा गावाबाहेर पडून मूनमॉथच्या किल्ल्याजवळून पुढे जायचं, लाव्ह्यानं कोरलेल्या खोऱ्यावरचा जुना पूल ओलांडायचा. पोचल्यावर दरवाजा बंद. तो उघडायचा तर जवळच्या पाइपवरचा दांडा फिरवावा लागतो. आणि आत डबी म्हणजे फळीवर पडलेली इतकुशी वस्तू. लोक अख्खा अवशेष पालथा घालतात.

यात चीड येते हे खरं. काही ठिकाणी सांगितलेल्या दिशा सरळसरळ चुकीच्या आहेत. वहीसुद्धा मूळ गेममध्ये तारखेनुसारच भरत जायची. कामगिरीनुसार नोंदी बघायची सोय 'ट्रायब्युनल' या विस्तारानंतर आली, त्यामुळे तो घेतलेलाच बरा. पण या त्रासातून, गेम जिथे घडतो ते वार्डनफेल बेट जसं डोक्यात बसतं तसं बाणाच्या मागे पळून बसत नाही. आज मी नकाशा न उघडता बाल्मोरापासून वळणावळणानं कॅल्डेरापर्यंत जाते. नवीन गेममधल्या मोठमोठ्या शहरांबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

प्रवासाचीही हीच तऱ्हा. कुठूनही कुठेही उडी मारता येत नाही. लांब पायांच्या महाकाय किड्यावर, सिल्ट स्ट्रायडरवर, पैसे देऊन बसा, होडी पकडा, जादूगार संघाच्या कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जा, किंवा एक जागा मंत्रानं खुणावून ठेवा आणि हवं तेव्हा तिथे परत या. या सगळ्यांची सांगड घालून मार्ग ठरवणं हा मला लढाईपेक्षा मोठा खेळ वाटतो.

जादू मात्र निव्वळ मौज. मंत्र स्वतः बनवता येतात, हवेत तरंगता येतं. सेडा नीनबाहेर रस्त्यावर एक जादूगार ओरडत आभाळातून पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ उडीच्या मंत्राचे कागद असतात. वापरा, ढगांपर्यंत जाल. परिणाम सात सेकंदांत संपतो, उतरण्याची सोय तुमची तुम्ही बघायची. टेलव्हानी घराण्यातल्या मांत्रिकांच्या मनोऱ्यांत तर वर जायला जिनाच नसतो. ज्याला तरंगता येत नाही त्याला भेटायची लायकी नाही, हा त्यांचा माज मला फार आवडला. रेडोरान, ह्लालू, टेलव्हानी यांपैकी एकाच घराण्यात शिरता येतं. मी अर्थातच टेलव्हानी.

स्वातंत्र्य किती, तर कथेतल्या महत्त्वाच्या माणसालाही मारता येतं. भविष्यवाणीचा धागा तुटला, अशी सूचना येते. आधी साठवून ठेवलेला जुना खेळ (सेव्ह) उघडा किंवा या बिघडलेल्या जगातच पुढे चला. चलायला खरंच एक आडवाट आहे, शरीराची कायमची हानी सोसून.

पैशाचं गणित साफ फसलंय. गुहांतून हजारोंचा माल निघतो आणि दुकानदाराकडे काहीशे नाणी. कॅल्डेरात क्रीपर नावाचा एक चिमुकला राक्षस ५००० नाणी घेऊन बसलेला असतो आणि पूर्ण किमतीत विकत घेतो. तो सापडल्यावर पैशाची चिंता कायमची मिटते, म्हणून त्याच्याकडे शक्य तितक्या उशिरा जा. बुद्धी वाढवणारं औषध पिऊन त्याहून जालीम औषध बनवत राहण्याची युक्तीही तशीच, खेळाचा सगळा ताण घालवणारी. आणि डोक्यावर घिरट्या घालणारे क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी! कुणाच्या डोक्यातून निघाले कोण जाणे.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी ओपनएमडब्ल्यू या मुक्त इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअरवर, खेळते; मूळ गेमच्या फाइली विकत घ्याव्या लागतातच. लिनक्सवरही चालतं. लांबचा प्रदेश दाखवायची सोय त्यात आहे, पण पहिल्या खेपेला ती बंद ठेवा. धुकं असलं की बेट मोठं वाटतं. धुकं गेलं की कळतं, दोन गावं हाकेच्या अंतरावर आहेत.

संवाद बहुतेक लिखित आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर हा घेऊ नका. आणि 'ट्रायब्युनल' घातलं असेल तर सुरुवातीलाच झोपेत मारेकरी येतात, तुमची पातळी न बघता. चुकून जिंकलात तर त्यांचं काळं चिलखत इतक्या भावानं विकलं जातं की गरिबीचे दिवस अनुभवायलाच मिळत नाहीत. त्यांना उशिरा आणणारा मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेला बदल, मिळतो, तो आधी टाका.