मेडली इंटरलिस्प, सहा महिने रोज वापरल्यावर

सहा महिने झाले, रात्री जेवण उरकलं की तासभर मेडली उघडून बसतो, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मेडली म्हणजे इंटरलिस्पच, लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत काम करायचं, एडिटर वगैरे सगळं आतच असलेलं वातावरण. 1960 च्या दशकात बीबीएन या अमेरिकन कंपनीत सुरू झालं, 1972 ला त्याच्या कर्त्यांपैकी एक वॉरन टाइटलमन झेरॉक्स पार्क या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात गेले आणि पुढे ते तिथेच वाढलं, डोरॅडो, डँडेलायन अशा झेरॉक्सच्या स्वतःच्या मशीनवर. 1992 ला या कामाला एसीएम या संगणक क्षेत्रातल्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम अवॉर्ड मिळाला. आता मूळ मंडळींपैकी काहीजण आणि नवे लोक मिळून ते ओपन सोर्समध्ये जिवंत ठेवतायत, माइको नावाच्या, सी भाषेत लिहिलेल्या एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) साध्या लॅपटॉपवरही छान पळतं.

पहिल्याच आठवड्यात लेंग्थ या फंक्शनचं स्पेलिंग चुकलं, मला वाटलं आता एरर येणार, तर त्याने = हे चिन्ह देऊन खरं नाव छापलं आणि उत्तरही देऊन टाकलं. हे ड्विम, डू व्हॉट आय मीन. कंस टाकताना शिफ्ट नीट दाबली गेली नाही तर 8 नि 9 उमटतात ना, ती चूकसुद्धा त्यात धरलेली आहे! माणूस टाइप करताना नेमका कुठे चुकतो हे कोणीतरी इतकं जवळून बघितलंय, मला तर भरून आलं.

माझा प्रोग्राम छोटासाच, डेरिव्हेटिव्ह काढून उत्तर सोपं करून देणारा. एका फंक्शनला जास्तीचा आर्ग्युमेंट द्यायचा होता, मास्टरस्कोपला, म्हणजे प्रोग्राममध्ये कोण कोणाला वापरतं याची नोंद ठेवणाऱ्या मेडलीच्या साधनाला, विचारलं याला कोण कोण कॉल करतं, त्याने यादी दिली, मग म्हटलं तिथे तिथे एडिट कर, तर एकेक जागा एडिटरमध्ये उघडत गेला. लिस्पमध्ये प्रोग्राम म्हणजे कंसातल्या लिस्टच, आणि एडिटर मजकूर नाही, थेट ती लिस्टच बदलतो, म्हणून कंस मोजत बसावं लागत नाही. हात बसायला मात्र महिना गेला, अक्षरं खोडायची सवय जाता जात नाही.

एक ठेच लागली ती सांगतो. लॉगआउट केलं की सगळी मेमरी डिस्कवर जाते, दुसऱ्या दिवशी खिडक्यासुद्धा होत्या तिथेच असतात, म्हणून मी समजलो काम सेव्ह झालं. मग नवीन व्हर्जन टाकलं, नव्याने सुरू केलं आणि दोन आठवड्यांचं काम गेलं. चूक माझीच, कोणती फंक्शन्स बदलली हे मेडलीचा फाइल मॅनेजर लक्षात ठेवतो, क्लीनअप म्हटलं की फाइलीत लिहूनही टाकतो, मी म्हटलंच नव्हतं. आता उठायच्या आधी क्लीनअप ठरलेलं.

आणि घेणार असाल तर तीन बटणांचा माउस आधी आणा, मधल्या बटणावर बरेच मेनू आहेत, टचपॅडवर पहिले पंधरा दिवस मी नुसता झगडत होतो.